नाइलाज संपल्यावर

नोव्हेंबर १८७० मध्ये बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड वारले आणि पादऱ्याला कैदेत असलेले त्यांचे धाकटे भाऊ मल्हारराव गादीचे धनी झाले. भावाच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून १८६३ पासून ते अटकेत होते. सात वर्षं ज्यांच्या परवानगीशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, तीच माणसं एका दिवसात मुजरा करायला रांगेत उभी राहिली. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर मल्हाररावांची गादी गेली असती. वाड्यात जीव सुरक्षित वाटेना, म्हणून जमनाबाई इंग्रज रेसिडेंटच्या आश्रयाला गेल्या. पुढच्या जुलैत मुलगी झाली, मल्हाररावांचं आसन पक्कं झालं आणि जमनाबाई बडोदा सोडून पुण्याला येऊन राहिल्या.

मग मल्हाररावांनी जुने हिशेब चुकते करायला घेतले. खंडेरावांच्या मर्जीतल्या माणसांच्या इनामांवर, पगारांवर, अब्रूवर गदा आली. खंडेरावांचे कारभारी भाऊ शिंदे तुरुंगातच मेले आणि विषप्रयोगाची कुजबुज गावभर झाली. भावाने चांदीच्या तोफा केल्या होत्या, म्हणून यांनी सोन्याच्या ओतवल्या. त्याच काळात सारा भरता भरता रयत मेटाकुटीला आली होती आणि गाऱ्हाणी घेऊन माणसं रेसिडेन्सीच्या दारात जमत होती.

या हकिकतीला एक दुसरी बाजू आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. मल्हाररावांविषयी आपल्याला जे कळतं त्यातला मोठा भाग इंग्रजांच्या कागदांतून आलेला आहे, आणि इंग्रजांचा स्वतःचा डाव त्यात होताच. रेसिडेंट कर्नल फेर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप आला तेव्हा सहा जणांचा आयोग बसला. तिघे इंग्रज, तिघे हिंदी. इंग्रजांनी दोषी ठरवलं, हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झाल्यासारखा वाटला नाही. १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आलं ते विषाच्या आरोपावरून नव्हे, गैरकारभाराच्या नावाखाली. तेव्हा विषाची गोष्ट बाजूला ठेवू. पण इंग्रजांचा हितचिंतक म्हणता येणार नाही असा एक साक्षीदार उरतोच. दादाभाई नौरोजी. १८७४ मध्ये ते मल्हाररावांचे दिवाण होते. कारभाराला शिस्त लावायची, लाचखोरी मोडायची, या जिद्दीने शिकलेली तरुण माणसं बरोबर घेऊन ते बडोद्याला गेले. एकीकडे रेसिडेंट त्यांच्या वाटेत काटे पसरत होता, दुसरीकडे महाराज ऐकत नव्हते. जेमतेम वर्षभरात, जानेवारी १८७५ मध्ये, दादाभाईंनी पद सोडलं. हिंदुस्थानातला त्या काळचा सर्वांत सचोटीचा माणूस हाताशी असताना त्याचं ऐकून घेणं ज्याला जमलं नाही, त्याच्याविषयी आणखी कोणता पुरावा हवा?

सत्ता माणसाला बिघडवते, असं आपण सर्रास म्हणतो. आमदार झाल्यावर गावातला पोरगा ओळख दाखवेनासा झाला की "खुर्चीचा गुण" म्हणून मोकळे होतो. मला हे म्हणणं फार सोयीचं वाटतं, आणि म्हणूनच खोटं वाटतं. त्यात दोष खुर्चीवर जातो, माणूस सुटतो. शिवाय ज्यांनी त्याला निवडून दिलं, ज्यांनी त्याच्या आधीच्या लहानसहान गोष्टींकडे काणाडोळा केला, तेही सुटतात.

आपल्यातल्या बहुतेकांचा चांगुलपणा हा नाइलाजाचा चांगुलपणा असतो. साहेबापुढे आवाज चढवत नाही तो सहनशील असतोच असं नाही, त्याला बढती हवी असते. भाऊबंदांशी मिळतंजुळतं घेतो त्याला कोर्टाचा खर्च परवडत नसतो. शेजाऱ्याच्या जागेवर डोळा नाही असं आपण समजतो, पण भिंत पुढे सरकवली तर शेजारी गप्प बसणार नाही हेही आपल्याला ठाऊक असतं. ही काही निंदा नव्हे. समाज चालतो तो बऱ्याच अंशी याच धाकावर. मात्र त्यामुळे माणूस आत कसा आहे हे कळायला मार्ग राहत नाही. त्याच्यालेखीही राहत नाही. तो स्वतःला प्रामाणिकपणे सज्जन समजत असतो. सत्ता येते तेव्हा हा धाक उठतो. समोरच्याला नकार देता येत नाही, तक्रार करायला जागा उरत नाही, आणि मग पहिल्यांदाच त्याला जे करावंसं वाटतं ते तो करतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. मल्हाररावांचा सूडबुद्धीचा स्वभाव सत्तेने उघडा केला, की सात वर्षांच्या कैदेने घडवला? कोंडलेला माणूस आतल्या आत जळत राहतो, सुटल्यावर तो चावणारच. मग "खरा स्वभाव" म्हणून जे म्हणतो ते तरी काय? जन्मतः मिळालेलं, कुठेतरी खोल दडून बसलेलं एखादं बी आहे का?

तसं मला वाटत नाही, आणि त्याचं उत्तर त्याच गादीवर सापडतं. १८७५ मध्ये जमनाबाई पुण्याहून परत आल्या आणि दत्तकाचा शोध सुरू झाला. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी गायकवाडांची एक लांबची शाखा शेती करून राहत होती. तिथून मुलं बडोद्याला आणली गेली. त्यांतल्या बारा वर्षांच्या गोपाळरावाला निवडलं आणि सयाजीराव हे नाव दिलं. "इथे कशाला आलास?" असं विचारल्यावर "राज्य करायला" असं तो म्हणाला, अशी आख्यायिका आहे आणि आपल्याकडे ती कौतुकाने सांगतात. मला त्या आख्यायिकेहून पुढची सहा वर्षं महत्त्वाची वाटतात. या मुलाला अक्षरओळख नव्हती. एलियट नावाचे शिक्षक नेमले गेले, दिवाण सर टी. माधवरावांनी राज्यकारभाराचे पाठ दिले. अधिकार हाती आले ते डिसेंबर १८८१ मध्ये. तोवर गादी होती, पण शब्द दुसऱ्याचा चालत होता. वेळेवर उठायचं, उत्तर चुकलं की पुन्हा बसायचं, दिवाणाने सुनावलं तर ऐकून घ्यायचं, हे सगळं राजा असतानाच करावं लागत होतं.

दोघांनाही सत्ता अकस्मात मिळाली. दोघांनीही आधीची काही वर्षं दुसऱ्याच्या हुकमतीत काढली. फरक आहे तो त्या वर्षांत मनाला कसलं वळण लागलं याचा. मल्हारराव सात वर्षं आपल्यावर झालेला अन्याय मोजत बसले, सयाजीराव सहा वर्षं आपलं अज्ञान मोजत होते. स्वभाव म्हणजे हीच मुरलेली सवय. माणूस दुबळा असताना जे गिरवत बसतो तेच सत्ता आल्यावर मोठ्या अक्षरात लिहितो. म्हणून सत्ता स्वभाव उघडा करते हेही खरं आणि स्वभाव घडतो हेही खरं. घडून झालेलं असतं आधीच. सत्तेच्या दिवसांत फक्त ते लपवायचं कारण उरत नाही.

सयाजीरावांनी पुढे काय केलं ते मराठी वाचकाला नवं नाही, पण त्यातली एक गोष्ट मी थांबून पाहतो. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. मग अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून गावोगाव वाचनालयं उभारली, पुस्तकांच्या पेट्या खेड्यांतून फिरू लागल्या. लिहिता-वाचता न येणारी रयत राजाला फार सोयीची असते. पावतीवर काय लिहिलंय ते तिला कळत नाही, कायदा कळत नाही, शेजारच्या मुलखात काय चाललंय ते कळत नाही. अशा रयतेच्या हाती पाटी देणं म्हणजे पुढे कधीतरी तिने आपल्याला जाब विचारावा याची तजवीज स्वतःच करून ठेवणं. सत्ताधाऱ्याची पारख करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. आपल्या हाताखालच्या माणसाला तो नकार देण्याइतका समर्थ करतो की अधिकाधिक लाचार करतो? देणग्या, सत्कार, अन्नछत्रं यांतून काही कळत नाही, ती मल्हारराव आणि सयाजीराव दोघेही देतात.

तरी सयाजीरावांना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. १९०४ मध्ये त्यांनी बालविवाहाला बंदी करणारा कायदा केला, १९३१ मध्ये हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारा. पण घरात मुलगी इंदिराराजे हिचं लग्न ठरवलं ते ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी, म्हणजे दुसरी राणी म्हणून. १९११ मध्ये मुलीने स्वतःच पत्र लिहून ते मोडलं. कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न करायचं तिने ठरवलं, तर आईवडिलांचा विरोध इतका की १९१३ मध्ये लंडनला लग्न लागलं तेव्हा ते हजर नव्हते. संस्थानातल्या लाखो मुलींसाठी कायदा लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलीची निवड पचवायला जड गेली. मला यात ढोंग दिसत नाही. बापाच्या सत्तेवर त्यांना कुणी शिकवणी लावली नव्हती, एवढंच दिसतं. राज्य करायला दिवाणाकडून शिकले. घरातला अधिकार मात्र जसा चालत आला तसाच वापरला. एकाच माणसाच्या दोन सत्तांतून दोन स्वभाव दिसू शकतात, आणि दोन्ही त्याचेच असतात.

आणि आता त्याच बडोद्यातली ती हकिकत, जिच्यामुळे मी या विषयाकडे वळलो. सयाजीरावांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. अट होती ती परत येऊन संस्थानची नोकरी करण्याची. त्याप्रमाणे १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्याला आले. महाराजांची इच्छा होती, हुकूम होता, पगार होता. राहायला मात्र जागा नव्हती. हिंदूंच्या खानावळीत प्रवेश नाही, म्हणून पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. त्यांनीच नंतर लिहून ठेवलं आहे: वरच्या मजल्यावरची अंधारी, अडगळीने भरलेली जागा, दुसरं कुणी राहायला नाही, रात्री एक कंदील. सरकारी निवासस्थान मिळावं म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. आंबेडकरांनी आठवड्याची मुदत मागितली, त्यांनी संध्याकाळपर्यंतची दिली. एका हिंदू स्नेह्याने सांगितलं, तुम्ही माझ्या घरी आलात तर नोकर निघून जातील. ख्रिस्ती झालेल्या दुसऱ्या स्नेह्यानेही बायकोचं निमित्त काढून टाळलं. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवरचे पाच तास त्यांनी कमाठी बागेत काढले. ही बाग सयाजीरावांच्याच कारकिर्दीत रयतेसाठी खुली झाली होती.

कचेरीत काय होत होतं तेही चरित्रकारांनी नोंदवलं आहे. शिपाई फायली हातात द्यायचे नाहीत, लांबून टेबलावर फेकायचे. प्यायला पाणी मिळायचं नाही.

आता इथे सत्ता कुणाकडे आहे ते पाहा. महाराज लांब, वर. आंबेडकर पदाने अधिकारी, जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकून आलेले. फाईल फेकणारा शिपाई संस्थानाच्या उतरंडीत तळाशी. पण त्या दोन हातांच्या अंतरावर, त्या फायलीपुरता, सत्ताधीश तो शिपाई आहे. त्याला कुणी अडवणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. जातीने त्याच्या हाती दिलेली ही सत्ता महाराजांच्या हुकमापेक्षा भारी ठरली. आणि अर्ज पुढे सरकवणारे ते अधिकारी! त्यांनी नकारसुद्धा दिला नाही. "विचार चालू आहे" एवढंच. काही न करण्याची सत्ता ही सर्वांत निर्धास्त सत्ता असते, कारण तिच्यावर कुणाची सही नसते.

इतिहास राजांचे स्वभाव लिहितो, शिपायांचे लिहीत नाही. म्हणून सत्तेने माणूस उघडा पडतो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिंहासनं आणि मंत्रालयाचा सहावा मजला येतो. प्रत्यक्षात ही परीक्षा जवळजवळ प्रत्येकाला रोज द्यावी लागते. तलाठ्याकडे सातबाऱ्याची नोंद असते. शाळेत फी न भरलेल्या मुलाला वर्गाबाहेर उभं करायचं की नाही हे लिपिकाच्या हाती असतं. सोसायटीच्या अध्यक्षाकडे घरकामाला येणाऱ्या बाईने कोणत्या लिफ्टने जायचं ते ठरवायचा अधिकार असतो, आणि तो पाटीवर लाल अक्षरांत लिहून वापरला जातो. ती पाटी लावणारी माणसं निवृत्त प्राध्यापक असतात, बँकेतले अधिकारी असतात, सभेत सामाजिक समतेवर मनापासून टाळ्या वाजवणारी असतात. त्यांच्या समतेच्या निष्ठेची परीक्षा व्याख्यानात होत नाही. सातव्या मजल्यापर्यंत जिना चढून दमलेली बाई पाणी मागते तेव्हा तिला कोणता पेला दिला जातो, तिथे होते.

प्रसिद्धीचं थोडं वेगळं आहे. सत्ता दुसऱ्याचा नकार काढून घेते, प्रसिद्धी स्वतःविषयीची शंका काढून घेते. लोक वाकायला लागले की माणसाला वाटतं, आपल्यात काहीतरी असणारच. या भुलीतून सुटलेली माणसं फार थोडी, आणि त्यांत मला गाडगेबाबा सर्वांत वर दिसतात. डेबूजी झिंगराजी जानोरकर हा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा परीट कुटुंबातला निरक्षर माणूस. १९०५ मध्ये घर सोडलं. पुढच्या पन्नास वर्षांत महाराष्ट्रात त्यांच्या कीर्तनाला जमत तेवढी गर्दी क्वचितच कुणाला लाभली असेल. त्यांच्या शब्दाखातर लोकांनी पैशांच्या राशी ओतल्या आणि त्यांतून नाशिक, पंढरपूर, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. ही प्रसिद्धी म्हणजे सत्ताच होती. या माणसाने तिचं काय केलं? गावात शिरला की आधी खराटा घेऊन रस्ता झाडायचा. पाया पडायला कुणी वाकला तर काठी उगारायची. आपण कुणाचे गुरू नाही आणि आपला कुणी शिष्य नाही, हे बजावून सांगायचं. पोटाला भाकर मागून आणायची. संस्थांवर घरच्यांचा हक्क राहणार नाही, हेही त्यांनी पाहिलं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. उभी केलेली इमारत अशी सहज हातावेगळी करणारे महंत आपल्याकडे किती आहेत?

उगारलेल्या त्या काठीला मी फार मानतो. तिच्यात नम्रतेचं प्रदर्शन नव्हतं. पायांवर डोकं टेकवणाऱ्या माणसाची विचार करण्याची शक्ती त्याच क्षणी गहाण पडते, हे त्यांना कळत होतं. त्यांचं कीर्तनही तसंच, श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत चालणारं. सयाजीरावांची पाटी आणि बाबांची काठी यांत मला एकच गोष्ट दिसते. समोरचा माणूस आपल्यापुढे लहान राहू नये, यासाठी दोघांनीही आपली ताकद खर्च केली.

"सत्तेपुढे शहाणपण चालत नाही" असं म्हणून आपण हात झटकतो. पण सत्ता देण्याआधी तर शहाणपण चालवता येतं. प्रश्न पाहायचं कुठे हा आहे. निवडणुकीत आपण उमेदवाराची भाषणं ऐकतो, जात पाहतो, त्याच्या मागे किती गाड्या आहेत ते पाहतो. शिक्षणसंस्थेत प्राचार्य निवडताना समिती शोधनिबंध मोजते. यांतून फक्त एवढंच कळतं, की वरच्यांपुढे आणि बरोबरीच्यांपुढे हा माणूस कसा वागतो, म्हणजे जिथे त्याला चांगलं वागणं भागच आहे तिथलं वागणं. त्याच्याकडे आजवर जी लहानशी सत्ता होती तिचं त्याने काय केलं, हे सांगू शकणारी माणसं मुलाखतीला बोलावलीच जात नाहीत. आधीच्या महाविद्यालयात प्रयोगशाळेत काचा धुणारा मदतनीस असतो, तासिकेच्या पैशांवर राबणारी तरुण प्राध्यापिका असते, जिल्हा परिषदेत सभापती असताना त्याची गाडी चालवलेला चालक असतो. विभागात विरोधी मत मांडणाऱ्या सहकाऱ्याची पुढे बदली झाली की त्याला समितीवर घेतलं गेलं, हे त्या विभागातल्या शिपायालाही तोंडपाठ असतं. या माणसांना एकेकटं बसवून, नाव उघड होणार नाही असा शब्द देऊन, अर्धा तास विचारावं. नेमणुकीच्या नियमांत यासाठी एक कलम घालायला कुठल्याच संस्थेला पैसा लागत नाही. पक्षांनी तिकीटवाटपाआधी हे केलं तर काही नावं पहिल्याच दिवशी गळतील, आणि त्यांच्या हातून ज्यांनी मार खाल्लाय त्या माणसांना निदान एकदा कुणीतरी विचारल्यासारखं होईल.